मलाक्काचा सुलतानी राजवाडा आणि आमचे पाकचिक : चार तास मन्सूर शाहसोबत

मलेशियातल्या मलाक्काला आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा तोच राजवाडा बघितला, पण खरा बघितला तो दुसऱ्यांदाच. म्हणून हा रिव्ह्यू मुख्यतः त्या गाईडबद्दल आहे ज्यांच्यासोबत आम्ही दुसऱ्यांदा गेलो, आणि ओघाने राजवाड्याबद्दल आणि त्या राजवाड्याचा जो मूळ मालक, सुलतान मन्सूर शाह, त्याच्याबद्दलही, कारण त्याच्याशिवाय या टूरबद्दल काही सांगताच येणार नाही.

पहिल्या वेळी क्वालालंपूरहून एका दिवसाच्या बस टूरने गेलो होतो. कंपनीचं नाव लिहित नाही. सकाळी लाल चौक, मग किल्ल्याचा दरवाजा, मग राजवाड्यासमोर बस थांबली आणि पस्तीस मिनिटं दिली. पस्तीस मिनिटांत चपला काढून आत जायचं, तीन मजले चढायचे, फोटो काढायचे आणि परत चपला शोधायच्या. परत येताना मुलीने विचारलं की हा राजवाडा कुणाचा होता, तर मला नुसतं "कुठल्यातरी सुलतानाचा" एवढंच सांगता आलं. फार वाईट वाटलं मला त्या दिवशी. मूल इतकं मनापासून विचारतंय आणि आपण पैसे भरून, दोन तास प्रवास करून, उत्तर घेऊन आलोच नाही.

यंदा आई-बाबा दापोलीहून आले तेव्हा ठरवलं की बस टूर नाही, खासगी गाईड घ्यायचा. ऑफिसातल्या एका मलय कलीगने तिच्या ओळखीतल्या काकांचा नंबर दिला. निवृत्त गृहस्थ आहेत, मलाक्कातच जन्मलेले, आठवड्यातून दोन-तीनदाच टूर घेतात. नाव इथे टाकत नाही कारण त्यांना विचारलेलं नाही, आम्ही सगळे त्यांना पाकचिक म्हणत होतो, म्हणजे आपल्याकडचं काका. पाच जणांचे २५० रिंगिट घेतले, तिकिटं वेगळी. ठरलं होतं तीन तासांचं, झाले चार तासांच्या वर, जास्तीचे पैसे मागितले नाहीत.

आधी राजवाड्याबद्दल. सेंट पॉल टेकडीच्या पायथ्याशी आहे, पोर्तुगीज किल्ल्याचा जो एकच दरवाजा उरलाय त्याच्या अगदी जवळ. हा मूळ राजवाडा नाही हे आधीच सांगतो, कारण बरेच लोक तसं समजून जातात. ही प्रतिकृती आहे, १९८६ मध्ये लोकांसाठी खुली झालेली. मूळ वाडा टेकडीवर होता आणि १५११ मध्ये पोर्तुगीजांनी मलाक्का घेतल्यानंतर त्यातलं काही राहिलं नाही. पण प्रतिकृती मनाने रचलेली नाही, 'सेजारा मलायू' नावाचा जो मलय राजांचा जुना ग्रंथ आहे त्यात मन्सूर शाहच्या राजवाड्याचं वर्णन आहे, त्यावरून बांधलीय. आपल्याकडे बखरी असतात ना, साधारण तसा ग्रंथ. घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेला, दरबारातल्या माणसांनी लिहिलेला, खऱ्यात दंतकथा मिसळलेल्या, पण टाकून देता येत नाही असा.

पाकचिकांनी आम्हाला आत नेण्याआधी बाहेर झाडाखाली उभं केलं आणि ते वर्णन तोंडपाठ म्हणून दाखवलं, आधी मलयमध्ये मग इंग्रजीत. वाडा सतरा खणांचा, एकेक खण तीन-तीन वाव रुंद, खांब असा की कवेत घ्यायला लागावा, आणि छपराला सात पायऱ्यांचे कळस. खण आणि वाव हे शब्द माझे आहेत, त्यांचे नव्हेत. पण ते दोन्ही हात पसरून 'देपा' म्हणजे एवढं असं दाखवायला लागले तेव्हा बाबा पटकन म्हणाले, अरे ही तर आपली वाव, होडीवाले दोरी अशीच मोजतात. आणि 'रुआंग' म्हणजे दोन खांबांमधली जागा असं त्यांनी सांगितल्यावर बाबा म्हणाले खण. आमचं जुनं घर पाच खणी होतं, त्यामुळे सतरा खणी म्हणजे काय ते बाबांना बरोबर कळलं, मला नाही कळलं. मी आत गेल्यावर खांब मोजत बसलो.

आत चपला काढाव्या लागतात. ही गोष्ट मला फार आवडली, कारण लाकूड पायाला लागतं. चेंगाल नावाचं इथलं कठीण लाकूड, काळपट तांबूस, पाय ठेवला की गार. पूर्ण वाडा लोखंडी खिळ्याशिवाय जोडलाय, खाच आणि खुंटी. पाकचिकांनी एका खांबापाशी मुलीला खाली बसवलं, तिचं बोट धरून तुळई जिथे खांबात शिरते त्या जागेवरून फिरवलं. नखाइतकीही फट नव्हती. खुंटीचं डोकं चौकोनी, थोडंसं बाहेर आलेलं, हजार हातांनी गुळगुळीत झालेलं. आई म्हणाली आमच्या दाभोळच्या घराच्या माडीला असंच होतं. पस्तीस मिनिटांच्या टूरमध्ये मी याच खांबाला टेकून फोटो काढला होता आणि खाली बघितलंही नव्हतं.

आता मन्सूर शाह. त्याने १४५९ ते १४७७ राज्य केलं. बाप मुझफ्फर शाह, त्याच्या काळात सयामचे, म्हणजे आजच्या थायलंडचे, हल्ले मलाक्काने परतवले होते. मुलगा गादीवर आला तेव्हा राज्य सुरक्षित होतं, बंदर भरभराटीला होतं, आणि त्याच्या काळात ते अजून पसरलं, शेजारचं पहांग राज्य घेतलं, समुद्रापलीकडे सुमात्राच्या किनाऱ्यावरच्या राज्यांवर हुकूम चालायला लागला. चीनच्या दरबारी वकील जात होते. लढाया, लग्नं, नजराणे हे सगळं ऐकायला मिळतंच, पण पाकचिकांनी ते दहा मिनिटांत आटपलं आणि म्हणाले की आता तुम्हाला दोन शब्द देतो, ते लक्षात ठेवा, मग वाडा आपोआप कळेल. शब्द होते सेतिया आणि देरहाका. पहिला म्हणजे एकनिष्ठ. दुसरा म्हणजे राजाच्या विरुद्ध उठणं. बाबा शांतपणे म्हणाले, सत्य आणि द्रोह. पाकचिक थांबलेच. त्यांना माहीत होतं की शब्द संस्कृतातून आलेत, पण मराठी माणूस ते रोजच्या बोलण्यात वापरतो हे माहीत नव्हतं. तिथून पुढे तासभर दोघांचं हेच चाललं होतं. राजवाडा म्हणजे इस्ताना, ते आपलं आस्थान. सिंहासन म्हणजे सिंगासाना. पंतप्रधान तो बेंदाहारा, त्यात आपलं भांडार. आरमारप्रमुख तो लाक्सामाना, म्हणजे चक्क लक्ष्मण. राजापुढे बोलताना 'दुली' म्हणायचं, ती आपली धूळ, पायाची धूळ. आणि बंदराचा अधिकारी शाहबंदर, तो फारसी शब्द, पण बंदर आपल्यालाही ओळखीचंच. मुलगी एका वहीत लिहून घेत होती. हे कुठल्या पाटीवर वाचून झालं नसतं, दोन म्हातारी माणसं समोरासमोर उभी असल्यामुळेच झालं.

मधल्या दालनात दरबार मांडलाय, सुलतान वर बसलेला, खाली हुद्द्याप्रमाणे माणसं. सगळे पर्यटक सुलतानाचा फोटो काढतात. पाकचिकांनी आम्हाला सुलतानाकडे बघू नका, त्याच्या बेंदाहाराचा विचार करा असं सांगितलं. तुन पेराक त्याचं नाव. चार सुलतानांच्या काळात हा माणूस बेंदाहारा होता, मेला १४९८ मध्ये. त्याला ते पद मिळालं त्यामागेही एक कथा आहे. आधीचा बेंदाहारा तुन अली आणि तुन पेराक यांच्यात तेढ होती, ती मिटवायला मुझफ्फर शाहने तुन अलीला विचारलं की पद सोडशील का, तुला कुठली बायको हवी ते सांग. तर त्याने मागितली सुलतानाचीच राणी, तुन कुडू, जी तुन पेराकची बहीण होती. आणि सुलतानाने तिला तलाक देऊन त्याच्याशी तिचं लग्न लावून दिलं. राज्यातली फूट मिटली. आई इतका वेळ गप्प होती, ती म्हणाली, त्या बाईला कुणी विचारलं का. मी भाषांतर करून सांगितलं. पाकचिक म्हणाले, नाही, आणि ग्रंथातही ती काय म्हणाली ते लिहिलेलं नाही, माझी बायकोसुद्धा मला दरवेळी हेच विचारते.

मग त्यांनी पिशवीतून एक वेताचा चेंडू काढला. सेपाक रागाचा चेंडू, वेत विणून केलेला, आतून पोकळ, मुठीपेक्षा जरा मोठा. मुलीच्या हातात दिला, म्हणाले दाब. तो दबतो आणि परत फुगतो, वजन जवळजवळ नाहीच. पायाने हवेत ठेवायचा खेळ, हात लावायचा नाही. आणि मग त्यांनी जी गोष्ट सांगितली त्यासाठी मी या टूरला पूर्ण मार्क देतो.

तुन पेराकचा मुलगा तुन बेसार रस्त्यात मित्रांबरोबर हा चेंडू खेळत होता. तेवढ्यात सुलतान मन्सूर शाहचा मुलगा राजा मुहम्मद घोड्यावरून चालला होता, चेंडू उडाला आणि त्याच्या डोक्यावरच्या फेट्याला लागून फेटा खाली पडला. राजपुत्राने क्रिस, म्हणजे मलय खंजीर, उपसली आणि तुन बेसारला तिथेच मारलं. या पोकळ चेंडूपायी. मुलीने चेंडू एकदम घट्ट धरला, मी बघत होतो. बेंदाहाराची सगळी माणसं हत्यारं घेऊन गोळा झाली, पोराचा खून झालाय, बदला घ्यायचाच. आणि तुन पेराक, ज्याचा मुलगा समोर मरून पडलाय, तो त्यांना अडवतो. मलायू, म्हणजे मलय, माणूस द्रोह करत नाही, देरहाका नाही, असं म्हणून परत पाठवतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. हा राजपुत्र आमचा राजा म्हणून आम्हाला चालणार नाही, एवढं मात्र ठामपणे सांगतो.

आता इथे मन्सूर शाह काय करतो ते बघा. हा मुलगा पहांगच्या राजकन्येपासून झालेला, त्याचा लाडका, गादी त्यालाच द्यायची असं त्याच्या मनात होतं. सैन्य त्याचं, शिक्का त्याचा, आणि समोरच्याने तर आधीच सांगून टाकलंय की मी बंड करणार नाही. तरी तो बेंदाहाराचं ऐकतो. मुलाला मलाक्कातून काढून पहांगला पाठवतो, तिथला सुलतान करतो, १४७० मध्ये, पहांगच्या सुलतानांची रांग तिथून सुरू होते. मलाक्काची गादी पुढे दुसऱ्या मुलाला जाते, तो अलाउद्दीन रियायत शाह.

मला स्वतःला वाटतं की मन्सूर शाह मोठा कशामुळे तर यामुळे. पहांग जिंकलं, जावाच्या मजापाहित राज्याची राजकन्या आणली, ते सगळं आहेच, पण ज्याने मुलगा गमावलाय आणि तरी हात उचलला नाही त्याचा शब्द ऐकून स्वतःच्या लाडक्या मुलाला गादीपासून लांब केलं, हे फार थोड्या राजांना जमलं असेल. खुनाची शिक्षा म्हणून बघितलं तर न्याय झाला का, तर नाही झाला, राजपुत्र सुलतानच झाला शेवटी. बाबा आणि पाकचिक यावर बराच वेळ बोलले. बाबांचं म्हणणं की तुन पेराकवर अन्यायच झाला. पाकचिकांचं म्हणणं की त्या दिवशी त्याने हात उचलला असता तर मलाक्का त्याच वर्षी फुटलं असतं. दोघांचंही मला पटलं.

पुढे हांग तुआह या मलाक्काच्या नावाजलेल्या योद्ध्याचं द्वंद्व मांडलंय, ते या वाड्यातलं सगळ्यात प्रसिद्ध दृश्य, मुलं तिथेच गर्दी करतात. चहाडखोरांचं ऐकून सुलतानाने हांग तुआहला मारायचा हुकूम दिला, बेंदाहाराने त्याला न मारता लपवून ठेवलं, मग त्याचाच मित्र सुलतानाविरुद्ध उठला आणि वाड्यात शिरून बसला, तेव्हा सुलतानाला तुआहची आठवण झाली आणि बेंदाहाराने त्याला बाहेर काढलं. तुआहने मित्राला मारलं. तो मित्र हांग जेबात की हांग कस्तुरी, हे ग्रंथाप्रमाणे बदलतं. 'सेजारा मलायू'त कस्तुरी आहे, 'हिकायत हांग तुआह'मध्ये जेबात. हे पाकचिकांनी स्वतःहून सांगितलं. त्यातला एक मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे, की ज्या वाड्यात हे घडलं तिथे सुलतानाला राहावंसं वाटेना, म्हणून त्याने नवीन वाडा बांधायला लावला, आणि बाहेर झाडाखाली आम्ही जे सतरा खणांचं वर्णन ऐकलं ते त्या नवीन वाड्याचं. तो पुढे आगीत जळाला, मग परत बांधला, वेगवेगळ्या गावच्या लोकांना वेगवेगळे भाग वाटून देऊन. म्हणजे आपण ज्या सुंदर वाड्यात फिरतोय त्याच्या मुळाशी सुलतानाची ही एक चूक आहे. हे कळल्यावर परत मागे जाऊन दरबारातला सुलतान बघितला तर तो वेगळा दिसला.

परदेशी व्यापाऱ्यांचे पुतळे आहेत तिथे आमचा बराच वेळ गेला, आणि तो आईमुळे. गुजराती, अरब, चिनी, जावाचे असे उभे आहेत. मलाक्काला एक नाही चार शाहबंदर होते, त्यातला एक फक्त गुजराती व्यापाऱ्यांसाठी, इतका त्यांचा पसारा. पाकचिक म्हणाले तुमच्याकडचे पण लोक यायचे. मला वाटलं पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून म्हणतायत. तर त्यांनी सांगितलं की तोमे पिरेश नावाचा पोर्तुगीज १५१२ पासून दोन-अडीच वर्षं मलाक्कात होता, त्याने इथे येणाऱ्या व्यापाऱ्यांची लांबलचक यादी लिहून ठेवलीय, बंदरात चौऱ्याऐंशी भाषा ऐकू येतात म्हणून लिहिलंय, आणि त्या यादीत चौल, दाभोळ आणि गोव्याची माणसं आहेत. दाभोळ हा शब्द त्यांनी 'दाबुल' असा उच्चारला पण आईला लगेच कळलं. तिचं बालपण त्या खाडीवर गेलंय. ती काही बोलली नाही, नुसती त्या गुजराती पुतळ्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मग विचारलं की इतक्या लांब यायला किती दिवस लागायचे आणि परत कधी जायचे. पाकचिकांनी वाऱ्याचं सांगितलं, एक वारा आणतो, दुसरा वारा परत नेतो, मधले महिने इथेच थांबायचं. आई म्हणाली म्हणजे घरी बायका वाट बघत असणार.

टेकडीवर आम्ही शेवटी गेलो, ऊन उतरल्यावर. इथेच मूळ वाडा होता. वर पडकं चर्च आहे, त्यात ती रिकामी कबर, जिथे सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव गोव्याला नेण्याआधी काही महिने ठेवलं होतं. गोव्याचे वाचक असतील त्यांनी हे चुकवू नका. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने १५१० च्या नोव्हेंबरमध्ये गोवा घेतलं आणि १५११ च्या ऑगस्टमध्ये मलाक्का, नऊ महिन्यांत दोन्ही. तेव्हा गादीवर मन्सूर शाहचा नातू महमूद शाह होता, तो पळाला आणि सुमात्रात कांपारला वारला. मशिदीचे आणि राजघराण्याच्या कबरींचे दगड काढून पोर्तुगीजांनी किल्ला बांधला. पाकचिकांनी हे सांगताना आवाज चढवला नाही, फक्त खाली उतरल्यावर किल्ल्याच्या दरवाज्याच्या दगडावर एकदा हात ठेवला.

आता सर्व्हिसबद्दल सरळ बोलायचं तर काही गोष्टी आधी माहीत असाव्यात. वेळ पाळली जात नाही, परतीची बस लगेचची बुक करू नका. त्यांचं इंग्रजी चांगलं आहे पण मध्येमध्ये मलय शब्द येतात, विचारलं तर थांबून समजावतात. सुरुवातीला दंतकथा आणि इतिहास एकाच सुरात सांगतात, मन्सूर शाहशी लग्न करायला आलेल्या चिनी राजकन्या हांग ली पोची कथा त्यांनी अशी सांगितली की आम्हाला ती कागदोपत्री घटना वाटली, बाबांनी विचारलं तेव्हा म्हणाले की मिंग दरबाराच्या नोंदींत तिचा पत्ता नाही, ती आमच्या ग्रंथातच आहे. तेव्हा तुम्ही विचारायला हवं. विचारलेलं त्यांना आवडतं. ज्यांना पाचशे फोटो काढायचेत आणि पुढे जायचंय त्यांनी यांना घेऊ नये, दोघांचाही वेळ जाईल. जिने बरेच आहेत, आईचे गुडघे दुखतात म्हणून त्यांनी टेकडीचा चढ हळूहळू, दोनदा बसून करवला, हे न सांगता केलं. पाणी आणि छत्री जवळ ठेवा, पाऊस दुपारी कधीही येतो. जेवण टूरमध्ये नाही, आम्ही जवळच लिटल इंडियात केळीच्या पानावर जेवलो, शाकाहारी लोकांची सोय होते.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा वेळेचा कापला.

निघताना मुलीने चेंडू परत द्यायला हात पुढे केला तर त्यांनी घेतला नाही, म्हणाले माझ्याकडे घरी अजून आहेत, प्रत्येक टूरला एक जातो. बसमध्ये ती तो मांडीवर घेऊन बसली होती आणि क्वालालंपूर यायच्या जरा आधी तिने विचारलं की राजा मुहम्मद पहांगला गेल्यावर चांगला राजा झाला का. तो तिथे फार वर्षं राहिला नाही, १४७५ मध्येच वारला, एवढं मला पाकचिकांनी सांगितलेलं आठवत होतं ते सांगितलं. पुढच्या शाळेच्या सुट्टीत पहांगला पेकानला जायचं ठरवलंय. तिकडे असा कुणी सांगणारा माणूस माहीत असेल तर कळवा.